वार्धक्यातील शुश्रूषा : खर्चाचा भार कोणी व कसा उचलावा?

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० वर्षांच्या घरात आले आहे. देवीचे उच्चाटन झाले, पटकी व हिवताप यांचा जोर ओसरला, लसीकरण आणि प्रसूतिसेवा खेडोपाडी पोहोचल्या. त्या सर्व प्रयत्नांचे हे फळ होय. २०११ च्या जनगणनेत देशातील ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के भरली. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते.

आयुष्य लांबले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आयुष्याबरोबर परावलंबनाचा काळही लांबला, याचा विचार कुटुंबांनी वा समाजाने पुरेसा केलेला नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत असे आढळले, की साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींना स्नान, कपडे घालणे, जेवणे, शौचास जाणे, चालणे, अंथरुणातून उठणे यांपैकी निदान एका क्रियेत अडचण जाणवते. याच पाहणीशी संलग्न असलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीपुढील वयोगटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज दिला आहे. अशा व्यक्तींना औषधांइतकीच, किंबहुना अधिक, गरज असते ती दोन हातांची. आणि ते हात घरचे असोत वा बाहेरचे, त्यांना मोल पडते. ते मोल कोठून द्यावयाचे, हा या लेखाचा विषय आहे.

एक कुटुंब

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मुख्याध्यापक, त्यांच्या पत्नी आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा असे एक कुटुंब उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. पत्नीला पक्षाघाताचा झटका येतो. त्या बारा दिवस रुग्णालयात राहतात. तेथील देयकाचा मोठा भाग आरोग्य विम्यातून भागतो आणि सर्वांना हायसे वाटते. तेराव्या दिवशी त्या घरी येतात. उजवी बाजू लुळी, वाचा अस्पष्ट, गिळण्यास त्रास. येथून पुढे दिवसाला एक मावशी, रात्रीला दुसरी, हवेची गादी, लंगोटाचे गठ्ठे, नळीवाटे द्यावयाचा आहार, आठवड्यातून तीन वेळा येणारे भौतिकोपचारतज्ज्ञ असा खर्च सुरू होतो. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. म्हणून रात्रीची मावशी ही चैन म्हणता येत नाही. महिनाअखेरीस मुख्याध्यापक पावत्यांची चळत विमा कंपनीकडे पाठवितात आणि ती नकाराच्या पत्रासह परत येते.

या नकारात विमा कंपनीची लबाडी असतेच असे नाही. आरोग्य विमा हा उपचारांसाठी असतो, शुश्रूषेसाठी नव्हे, हा भेद पॉलिसीच्या बारीक अक्षरांत स्पष्ट केलेला असतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये वगळावयाच्या बाबींची जी प्रमाणित भाषा ठरवून दिली, तीत विश्रांतीसाठी दाखल होणे, तसेच स्नान, वस्त्रे, हालचाल अशा दैनंदिन क्रियांसाठी घरी अथवा शुश्रूषागृहात परिचारिका किंवा मदतनीस ठेवणे, या खर्चाचा नेमका उल्लेख आहे. रुग्णालयातून सुटका झाल्यावर काही ठरावीक दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्या बहुतेक पॉलिसींत मिळतात. पण मावशींचा पगार त्यांत बसत नाही.

शासकीय योजनांचेही स्वरूप बहुतांशी असेच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्यात आले. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही मोठ्या आजारांत मोलाची ठरली आहे. हाड मोडले, हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली, तर या योजना कुटुंबाला कर्जापासून वाचवितात, आणि म्हणून त्यांचे कार्ड प्रत्येक पात्र ज्येष्ठाने काढून ठेवलेच पाहिजे. मात्र त्या रुग्णालयाच्या दाराशी थांबतात.

येथे एका शब्दाचाही खुलासा करावयास हवा. ‘नर्सिंग होम’ अशी पाटी वाचली की मराठी माणसाच्या मनात प्रसूतिगृह किंवा डॉक्टरांचे लहान खाजगी रुग्णालय येते. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाने ज्यांची नोंदणी होते, ती बहुतांशी हीच. वृद्ध माणसाने वर्षानुवर्षे राहावे आणि तेथे त्याची सेवा व्हावी अशा संस्थेला आपल्याकडे अजून सर्वमान्य नावही नाही. ‘वृद्धाश्रम’ म्हणावे तर त्यात निवारा अभिप्रेत आहे, ‘रुग्णालय’ म्हणावे तर उपचार. नाव नसलेल्या गोष्टीसाठी तरतूद करणे लोकांना अवघड जाते, हे नवल नाही.

आकड्यांचा हिशेब

समजा, मुख्याध्यापकांच्या घरी शुश्रूषेवर दरमहा ३०,००० रुपये खर्च होतात. हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे. मुंबई-पुण्यात तो वाढेल, तालुक्याच्या गावी उतरेल. वर्षाला ३ लाख ६० हजार झाले. पाच वर्षांत १८ लाख. आणि दरवर्षी मजुरी व साहित्य ८ टक्क्यांनी महागले असे धरल्यास २१ लाखांहून अधिक. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती चांगल्या सेवेत पाच वर्षे, कधी दहा वर्षेही जगते. म्हणजे ज्या कुटुंबात प्रेम आणि काळजी अधिक, त्या कुटुंबाचा खर्चही अधिक काळ चालणार.

या खर्चासमोर उत्पन्नाची बाजू मांडून पाहावी. मुख्याध्यापकांचे अखेरचे मूळ वेतन ६०,००० रुपये असेल तर मूळ निवृत्तिवेतन ३०,००० रुपये आणि त्यावर महागाई वाढ. आज हिशेब कसाबसा जुळतो. परंतु पत्नीच्या आधी त्यांचेच निधन झाले तर? कुटुंब निवृत्तिवेतन सामान्यतः अखेरच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १८,००० रुपये मूळ असेल. घरातील एक सेवा करणारा माणूस गेला, त्यामुळे बाहेरच्या मदतीची गरज वाढली, आणि त्याच महिन्यापासून उत्पन्न तीन पंचमांशावर आले! निवृत्तीच्या वेळी हा आकडा किती कुटुंबांत काढून पाहिला जातो, हा प्रश्नच आहे.

शिक्षकाचे हे घर तरी सुस्थितीत म्हणावे लागेल. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखालील गिरणी किंवा कारखान्यातील कामगाराला सप्टेंबर २०१४ मध्ये ठरविलेली किमान मर्यादा दरमहा १,००० रुपयांची आहे. राज्यातील निराधार वृद्धांसाठी असलेल्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतील साहाय्य २०२३ मध्ये वाढवून दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. अन्नाला हा आधार मोठा आहे. शुश्रूषेच्या खर्चाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकांची खुर्ची, कमोड खुर्ची यांसारख्या साधनांसाठी ३,००० रुपये एकदाच मिळतात. ज्यांच्याकडे साठविलेली पुंजी आहे त्यांच्यासाठी टपाल कार्यालयातील व बँकांतील ज्येष्ठ नागरिक बचत योजना हा सुरक्षित मार्ग होय. तिची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये ३० लाख रुपये झाली. ८.२ टक्के व्याज धरले तर पूर्ण ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार पडतात. तीस लाख शिल्लक असलेल्या घरालाही वरचा खर्च केवळ व्याजातून झेपत नाही, हे यावरून दिसेल.

काही देशांनी हा भार सर्वांत वाटून घेतला आहे. जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषेचा स्वतंत्र सक्तीचा विमा सुरू केला. जपानने एप्रिल २००० पासून चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाकडून वर्गणी घेऊन निम्मा निधी करांतून उभा केला. वृद्धाच्या परावलंबनाची पातळी ठरवून त्यानुसार सेवा दिली जाते आणि खर्चाचा दहावा हिस्सा, सधनांस त्याहून अधिक, त्याला सोसावा लागतो. भारतात असा विमा नाही. तो येईपर्यंत पुंजी, मुले आणि घर या तीनच गोष्टींकडे पाहावे लागते.

वृद्धाश्रमाच्या दाराशी

घरी जमत नसेल तर वृद्धाश्रमात ठेवावे, असा सल्ला सहज दिला जातो. राज्यात स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रम चालविण्याची परंपरा जुनी आहे. १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजनेने तिला जोड दिली. २००७ च्या केंद्रीय कायद्यातही प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. परंतु बहुतेक वृद्धाश्रमांची प्रवेशाची पहिली अट अशी, की व्यक्ती आपली कामे आपण करणारी असावी. अंथरुणाला खिळलेल्या किंवा वाट चुकणाऱ्या माणसासाठी लागणारा सेवकवर्ग त्यांच्याकडे नसतो. मुख्याध्यापकांच्या पत्नींसाठी शोध घ्यावा लागेल तो सशुल्क शुश्रूषा केंद्रांचा, आणि त्यांचे दर बाजार ठरवितो.

अशा केंद्रात पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्याव्यात. मासिक शुल्कात लंगोट, औषधे, डॉक्टरांची भेट, रुग्णवाहिका यांपैकी काय धरले आहे? अनामत रक्कम परत केव्हा मिळणार, आणि मृत्यू झाल्यास कोणाला? रुग्णालयात हलवावे लागले तर त्या दिवसांचे शुल्क चालू राहणार काय? दर वर्षी किती वाढणार? रात्री किती रुग्णांमागे एक सेविका असते, हा प्रश्न तर रात्री आठनंतर प्रत्यक्ष जाऊनच विचारावा. सकाळच्या भेटीच्या वेळी सर्वच केंद्रे चांगली दिसतात.

मुलांचे दायित्व

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून अंमलात आला. स्वतःच्या उत्पन्नावर वा मालमत्तेवर निर्वाह करू न शकणारे आई-वडील मुलामुलींकडून निर्वाहभत्ता मागू शकतात. अपत्य नसेल तर जो नातेवाईक मालमत्ता उपभोगतो किंवा वारशाने घेणार आहे, त्याच्याकडून मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. अर्जदार स्वतः येऊ शकत नसेल तर त्याने अधिकृत केलेली व्यक्ती वा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबर वैद्यकीय देखभाल व उपचारही येतात.

कायदा हितकर आहे, पण भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. ती काढून टाकणारे व घरपोच शुश्रूषा-सेवांच्या नोंदणीची तरतूद करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. २०२४ मध्ये सभागृह विसर्जित झाल्याने ते व्यपगत झाले. शिवाय मुलांनी पैसे दिले तरी रात्री उठणार कोण, हे कोणतेही न्यायाधिकरण ठरवू शकत नाही. बहुतेक घरांत ते काम सुनेकडे किंवा लेकीकडे जाते. तिने सोडलेली नोकरी, बुडालेला पगार आणि भविष्यनिर्वाह निधी यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. वस्तुतः शुश्रूषेच्या खर्चातील ही सर्वांत मोठी रक्कम असू शकते.

घर कोणाच्या नावावर?

मध्यमवर्गीय वृद्धांची खरी पुंजी बँकेत नसते. ती राहत्या घरात असते. आणि नेमकी हीच पुंजी सर्वांत आधी हातची जाते. पत्नीच्या आजारपणात मुलगा म्हणतो, “बाबा, घर माझ्या नावावर करून टाका, पुढे कटकट नको.” त्यात कपट असेलच असे नाही. राज्यात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये लागते (नोंदणी व स्थानिक अधिभार वेगळे). कागद स्वस्त असल्याने सही लवकर होते. बक्षीसपत्र नोंदले गेले आणि मुलाने ते स्वीकारले की मालकी त्याच दिवशी जाते. मग त्या घरावर पत्नीच्या सेवेसाठी पैसा उभा करावयाचा झाल्यास बापाला मुलाची संमती लागते; आणि मुलगा आधी वारला तर सुनेची व नातवंडांची.

२००७ च्या अधिनियमाच्या कलम २३ ने येथे एक बांध घातला आहे. ज्येष्ठाच्या मूलभूत सुविधा व शारीरिक गरजा भागविण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने वा दडपणाने झाल्याचे मानून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. मात्र डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशी अट होती हे दाखविता आले पाहिजे. मुले आई-वडिलांना सांभाळतातच, एवढ्या गृहीतकावर कलम लागू होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावला आणि आईने मुलाला दिलेले घर तिला परत देण्याचा आदेश दिला. तेथे मुलाने सांभाळ करण्याचे वचन लेखी दिलेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर सांभाळाची अट त्याच कागदात, स्पष्ट शब्दांत असावी. पण घाई नसेल तर मृत्युपत्र बरे. ते मृत्यूनंतरच अंमलात येते आणि तोवर कितीही वेळा बदलता येते.

घर विकावयाचे नाही आणि पैसा तर हवा, अशा स्थितीसाठी २००७ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने उलट गहाण कर्जाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. साठी ओलांडलेला मालक आपले स्वकष्टार्जित राहते घर बँकेकडे गहाण ठेवतो. बँक त्याला ठरावीक काळ नियमित रक्कम देते. तो व त्याची पत्नी हयात असेतो घर सोडावे लागत नाही की कर्ज फेडावे लागत नाही. पश्चात वारसांना कर्ज फेडून घर सोडविता येते, अथवा बँक विकून उरलेली रक्कम त्यांना देते. योजना कागदावर सुबक असली तरी लोकांनी ती फारशी स्वीकारली नाही. गावठाणातील वडिलोपार्जित, सामायिक घर तिच्यात बसत नाही. सहकारी संस्थेच्या इमारतीचे अभिहस्तांतरण रखडलेले असले तर हक्काच्या कागदांचा प्रश्न येतो. आणि ‘म्हातारपणी घरावर कर्ज काढले’ हे शब्द ऐकण्याची आपल्याकडे कोणाची तयारी नसते. ज्यांचे कागद स्वच्छ आहेत आणि मुले परगावी स्थिरावली आहेत, त्यांनी तरी या लोकलाजेपायी शुश्रूषेत काटकसर करू नये.

सही करणारा हात

पैसा असूनही तो काढता येत नाही, ही अडचण पैसा नसण्याइतकीच मोठी असते. मुख्याध्यापकांच्या पत्नींच्या नावावर स्वतंत्र मुदत ठेव होती, आणि त्यांचा उजवा हात चालत नाही. अंगठ्याचा ठसा बँकेला परिचित अशा दोन साक्षीदारांसमक्ष, त्यांपैकी एक बँकेचा अधिकारी, घेऊन रक्कम देता येते; रिझर्व्ह बँकेच्या सूचना तशा आहेत. सत्तरीपुढील व आजारी खातेदारांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना २०१७ मध्येच दिल्या गेल्या. शाखेत या सूचनांचा हवाला देऊन लेखी अर्ज केल्यास काम सुकर होते.

शरीराऐवजी मन पंगू झाले तर मात्र मार्ग अरुंद होतो. कुलमुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले, असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रष्ट झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या प्रसंगासाठी कागद केला, नेमक्या त्याच प्रसंगी तो निरुपयोगी! बेशुद्ध किंवा विस्मृतिग्रस्त व्यक्तीची मालमत्ता सांभाळण्यासाठी कुटुंबांना पालक नेमून घेण्याकरिता उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आहे. त्यापेक्षा पती-पत्नींची खाती व ठेवी वेळीच ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने संयुक्त करणे, वारसनोंद पाहून घेणे, निवृत्तिवेतनाचे खाते पत्नीसह असणे आणि ठेवींच्या मुदतपूर्व मोडीचे अधिकारपत्र दोघांनी आधीच सही करून देणे, हे सारे एका दुपारचे काम आहे. ते स्मृतिभ्रंशाच्या पहिल्या शंकेपूर्वी झाले पाहिजे, कारण निदानानंतर केलेल्या सहीला भाऊबंद आव्हान देऊ शकतात.

ज्यांना अशा बाबतींत विचारावयास जवळ कोणी नाही, त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी विनामूल्य आहे. निर्वाहभत्त्याचा अर्ज, वृद्धाश्रमांची माहिती आणि निवृत्तिवेतनविषयक मार्गदर्शन तेथून मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयातही चौकशी करता येते. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमांतर्गत दहा खाटांचा वृद्ध कक्ष व भौतिकोपचार यांची तरतूद आहे. घरी येणाऱ्या तज्ज्ञाचा खर्च झेपत नसलेल्या कुटुंबाने तेथे पक्षाघाताचे व्यायाम शिकून घ्यावेत. ते शिकलेल्या एका माणसाने रोज घरी करवून घेतले, तर महिन्याच्या यादीतील एक रक्कम निश्चितच कमी होते.